निचऱ्याची वाट

“मेनचा दांडा अर्धवटच खाली आला, तर वीज चालू राहते का हो, तोतारामभाऊ?”

चंद्रकांताबाईंनी दारातूनच विचारलं. टेबलाशी वाकून वायरी सोडवणाऱ्या तोतारामचा हात थांबला.

देवपुरातल्या मिश्रीलाल शेठजींच्या घराची ही वरची खोली म्हणजे त्यांच्या मुलाचं, चंद्रकांताबाईंच्या नवऱ्याचं, ज्ञानचंदचं, वायरलेस स्टेशन. दिवसभर कापडाच्या दुकानात बसायचं आणि सवड मिळाली की इथं येऊन कुठल्या कुठल्या मुलखातल्या अनोळखी माणसांशी बोलायचं, ही त्याची हौस. रीतसर परवाना होता. पेटीत हात घातला आणि शॉक लागून ज्ञानचंद गेला, त्याला आता अकरा महिने झाले होते. संचाची विल्हेवाट लावा, असं परवानेवाल्यांचं पत्र आलं, म्हणून शेठजींनी जळगावहून रेडिओ-मेकॅनिक तोतारामला बोलावून घेतलं होतं. संच त्यानंच तर बांधला होता.

“असं का विचारता, वहिनी?”

“त्या दिवशी ते वरून ओरडले, फ्यूज बघतो, मेन बंद कर. इकडे दूध उतू चाललं होतं. घाईत दांडा ओढला आणि दुधाकडे धावले. पुरता खाली आला की नाही, बघितलं नाही.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “सासूबाई म्हणतात, देवघरातला बल्ब जळत होता. मी रोज आठवून बघते. कधी वाटतं, जळत होता. कधी वाटतं, नव्हता. तुम्ही जाणकार आहात. तुम्हीच सांगा.”

तोतारामला सगळं ठाऊक होतं.

संचाला आठशे व्होल्ट पुरवणारी पेटी त्यानं लष्कराच्या मोडीत निघालेल्या ट्रान्सफॉर्मरवर बांधली होती. आत वीज साठवणारे दोन मोठे कंडेन्सर. वीज तोडली तरी कंडेन्सर भरलेलाच राहतो. तो आपोआप रिता व्हावा म्हणून त्यावर एक रेझिस्टर बसवतात, निचऱ्याचा. तोतारामनं बसवला होता, पण मापानं लहान. तो तापायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ज्ञानचंदचा निरोप आला, ‘तोताराम, पेटीला जळका वास येतो.’ येऊन बघतो तर रेझिस्टर काळाठिक्कर. मोठा जवळ नव्हता. त्यानं पक्कड घेतली, रेझिस्टरचा एक तारेचा पाय कापला आणि झाकण लावून टाकलं. वास गेला.

“हाताला गुण आहे बुवा तुझ्या!” ज्ञानचंद म्हणाला होता.

काम अर्धं राहिलंय, आत हात घालू नका, एवढंच त्यावर सांगायचं होतं. कौतुक ऐकल्यावर जीभ रेटली नाही. पुढच्या खेपेला बदलू, कळणारही नाही, असं म्हणून तो निघाला. मग लोकसभेची निवडणूक आली. तोतारामच्या दुकानात दुरुस्तीच्या लाऊडस्पीकरांची रास पडली. पुढची खेप झाली ती थेट ज्ञानचंदच्या तिसऱ्याच्या बैठकीला.

तेव्हापासून तो वास त्याच्या मागे लागला. जळक्या लाखेचा, कडवट. दुकानात यायचा, बाजारात यायचा. बायकोनं, बेबाबाईनं, फोडणी दिली की तो ताटावरून उठायचा. बंद पडलेला, वायर काढलेला रेडिओ उघडतानाही आधी पेचकस टेकवून बघायचा आणि तरीही बोट मागे घ्यायचा.

“तुमना हात काबर कापस?” हाताचं थरथरणं बघून बायको विचारायची. “बठ्ठं मनमां ठेवतस. कोणले तरी सांगा.”

त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता उत्तर तयार होतं. दांडा जुना होता, वहिनी, दोष कुणाचाच नाही. ओठांवर आलंही. तेवढ्यात तोच वास आला. अकरा महिने जिच्यात वीज गेली नव्हती, त्या पेटीतून आला. तोतारामनं चंद्रकांताबाईंकडे बघितलं. त्यांना कसलाच वास येत नव्हता.

त्यानं पेचकस उचलला आणि झाकणाचे चारही स्क्रू काढले.

“इकडे या, वहिनी. हे बघा. तोटी बंद केली तरी हंड्यातलं पाणी हंड्यातच राहतं ना? तसं हे. पाणी निघून जायला वाट ठेवावी लागते. ती वाट ही.” काळ्या रेझिस्टरचा तुटका पाय त्यानं बोटानं दाखवला.  “ही मी कापली. तुम्ही मेन बंद केला होता. पुरता केला होता. मेन बंद असूनही या पेटीत वीज उरली, ती यामुळं.”

चंद्रकांताबाईंनी वाकून तो तुटका पाय बघितला.

“त्यांना सांगितलं होतंत?”

“नाही.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“ते गेल्याची तार आली तेव्हाच.”

“तिसऱ्याला तुम्ही खाली बसला होतात. सासूबाई सगळ्यांदेखत मला बोलत होत्या.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. मला वाटलं, तुम्हाला माझी दया आली.” त्यांचा आवाज चढला नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या म्हणाल्या, “खाली चला.”

खाली मिश्रीलाल शेठजी सतरंजीवर वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाई, प्रेमकुंवरबाई, ताटात मूग निवडत होत्या. चंद्रकांताबाई दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. तोताराम शेठजींसमोर हात जोडून बसला आणि जे वर सांगितलं ते सांगून मोकळा झाला.

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  मग बायकोकडे मान वळवून म्हणाले, “तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांग.”

तोतारामनं मोठ्यानं सांगितलं.

प्रेमकुंवरबाईंनी कानामागे हात धरला. “काय म्हणतो?”

“अजून मोठ्यानं,” शेठजी म्हणाले.

“मेन बंद होता!” तोताराम ओरडला. “वहिनींनी बंदच केला होता! वीज माझ्यामुळं राहिली! मी कापली होती वाट! मी!”

रस्त्यावरून सायकल हातात धरून चाललेला माणूस थबकला. समोरच्या ओट्यावरची बाई उठून उभी राहिली. तोताराम सांगतच राहिला. शब्द तेच, पण थांबता येईना.

प्रेमकुंवरबाईंनी मुगाचं ताट बाजूला सारलं. सतरंजीवर हातभर सरकून जागा केली आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, “बस.”

चंद्रकांताबाई बसल्या नाहीत. चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या.

“आता जा,” शेठजी तोतारामला म्हणाले. “संचाचं मी बघतो.”

पांझरेच्या पुलावरून तो चालतच स्टँडवर आला. जळगावची गाडी लागलेली होती. कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला.

“कुठं, भाऊ?”

तोतारामनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. घसा पार बसला होता. त्यानं पुन्हा एकदा बोलून बघितलं. मग गाडीच्या पाटीकडे बोट दाखवलं. कंडक्टरनं वळून पाटी वाचली आणि तिकीट फाडलं.