गाठीत एक बोट

प्रांजल झोपली आहे. ती उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

मुलुंडला आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जेमतेम दोन हात जागा. तिथे माझ्या सासूबाईंनी पेरूची दोन रोपं लावली, तेव्हा मला पाचवा महिना होता. मी म्हटलं, "आई, एवढ्याशा जागेत पेरू?" त्यांनी भिंतीलगत लोखंडी अँगल रोवून तीन तारा ताणून घेतल्या होत्या. म्हणाल्या, "जागा नाय तर झाडाक भिंतीक पाठ लावून वाढवूया."

सातव्या महिन्यात त्यांनी दोन्ही रोपांचे शेंडे पहिल्या तारेशी कापले. माझा हात आपसूक पोटावर गेला. त्या हसल्या. "घाबरतंस कित्याक गो? शेंडो कापल्याशिवाय तेका हात फुटाचे नाय."

फुटलेही. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधला वरच्या तारेकडे. आपल्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून त्या एकेक कोवळी फांदी तारेला बांधायच्या. डावऱ्या होत्या, त्यामुळे त्यांची गाठ उलटी पडायची. दर अमावास्येला प्रत्येक गाठ सोडायच्या, पुन्हा बांधायच्या आणि आत बोट घालून बघायच्या. "गाठीत एक बोट जाऊक होया. झाड वाढता, गाठ वाढणा नाय." बारशाला प्रांजलच्या मनगटात बांधलेला काळा दोराही त्याच दिवशी सोडून बांधायच्या. तिथे बोटाऐवजी करंगळी.

प्रांजल तीन महिन्यांची असताना आई गेल्या. चहा घेता घेता. कपडे वाटून टाकले. नितेश, माझा नवरा, रडला नाही. फक्त म्हणाला, "तारेवरच्या गाठींना हात लावू नकोस हां. दोऱ्यालापण नको. तिच्या हातच्या आहेत."

पुढच्या अमावास्येला सकाळी लंगोट वाळत घालताना दिसलं, पट्ट्यांची टोकं विसकटली होती. कुणीतरी नखाने गाठ उकलायला बघावं, तसे धागे निघाले होते.

"खार गं ती," वरच्या खिडकीतून मालनकाकू म्हणाल्या. "आणि तुझ्या नवऱ्याला सांग, गाठी मोजत उभा राहतो ना रोज, झाडाला नजर लावेल मेला."

नितेशला खार पटली नाही. "सोसायटीतलंच कुणीतरी चाळे करतंय." त्याने प्रत्येक गाठीवर दुसरी गाठ मारली, दातांनी ओढून.

पुढच्या अमावास्येला तेच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी धागे निघालेले आणि प्रत्येक वेळी नितेश आवळणार. दुपारी प्रांजलला पाजताना मला मागून आवाज यायचा. टिंग. तारेला पाटली लागावी तसा. आईंच्या हातात एकच पाटली असायची. मी उठायची नाही. उठले तर प्रांजल जागी होईल, असं स्वतःला सांगायची.

पावसानंतर झाडं पिवळी पडायला लागली. जवळून पाहिलं तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना साल सुजली होती, मधे फांदी करकचलेली. बोट सोडाच, नखही आत जाईना. नितेशला सांगितलं. तो म्हणाला, "खत कमी पडलं असेल."

मग गेल्या महिन्यातली अमावास्या. सकाळी प्रांजलला आंघोळ घालताना तिचा हात हातात घेतला. दहा महिन्यांचं गुबगुबीत मनगट, त्यात रुतलेला दोरा. आणि गाठीचे धागे निघालेले. रात्रभर ती आमच्या दोघांच्या मधे झोपली होती.

मी घाबरले. मग लाज वाटली. आई गाठी जपायला येत नव्हत्या, सोडायला येत होत्या. आणि त्यांना सुटत नव्हत्या, कारण वरून आम्हीच आवळत होतो.

नखं कापायच्या कात्रीने मी दोरा कापला.

"काय केलंस तू, सपना?" नितेश दारात उभा होता, तोंडात ब्रश तसाच.

मी प्रांजलचा हात त्याच्या हातात दिला. दोरा निघाला तरी लाल कडं तसंच होतं. त्याने त्याच्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग मागचं दार उघडलं.

त्याच्याने कापवेना. मीच गाठी कापल्या, नऊच्या नऊ. सालीवर साडीची वीण उमटली होती. माझ्या बाळंतपणातल्या मॅक्सीच्या पट्ट्या फाडून मी नव्याने बांधलं आणि नितेशने प्रत्येक गाठीत बोट घालून पाहिलं. शेवटच्या गाठीपाशी तो पहिल्यांदा रडला.

आज पुन्हा अमावास्या. दोन्ही झाडांना नवी पालवी आली आहे. सकाळी पाहिलं, एकही धागा निघालेला नाही. टिंगही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं.

दुपारी नितेश जेवून बाहेर पडल्यावर मी वाढलेले फुटवे छाटायला कात्री घेऊन गेले, तेव्हा सगळ्यात वरच्या तारेवर, कोपऱ्यातली एक गाठ हाताला लागली. आवळलेली. वर दुसरी गाठ, दातांनी ओढलेली, अजून ओलसर.

कात्री तशीच परत आणली. फांदी कोवळी आहे, पण एक रात्र सोसेल; अमावास्या अजून सरलेली नाही. उद्या सकाळी बघते, आणि तोवर नाही सुटली तर मी सोडेन.

प्रांजल उठली.