एकशे बारावं पान

पेडगावच्या चतुराबाईकडे महिन्याला एक पुस्तक यायचं, आणि पुस्तकात एक चिठ्ठी असायची. चिठ्ठी परभणीच्या व्यंकटरावांची. हे व्यंकटराव एका वकिलाकडे कारकून होते आणि दोन खोल्यांचं एक मराठी वाचनालय सांभाळत होते. मोगलाईत मराठी वाचनालयाला सरकारची इजाजत मिळवायलाच त्यांची तीन वर्षं गेली होती. गोष्ट काय आहे, शेवट गोड की कडू, हे ते कधीच लिहीत नसत. लिहायचे ते फक्त भाषेबद्दल. "ह्यांची वाक्यं लांब आहेत, पण नदीसारखी आहेत, घाई करू नका." किंवा, "हे गृहस्थ पाऊस फार चांगला लिहितात, माणसं बेतानं."

चतुराबाईचे वडील मानवतला पंतोजी होते. मदरशात सगळं उर्दू म्हणून त्यांनी मुलीला घरीच मराठी शिकवलं, आणि व्यंकटराव त्यांचेच जुने विद्यार्थी. त्या नात्यानं ही पुस्तकं येत. पेडगावात किशनरावांच्या घरी लग्न होऊन आल्यापासून तिचं बोलणं गावासारखं झालं होतं, पण लिहायला बसली की वडिलांची भाषा हाताला यायची. पुस्तक वाचून झालं की ती उलट पत्र लिही. काय आवडलं, कुठं लेखक उगाच नटला, कुठलं वाक्य चूल फुंकताना आठवलं. पुस्तकात पत्र घालून ती किशनरावांच्या हाती देई, आणि बाजाराच्या दिवशी ते कोटाच्या आतल्या खिशात घालून परभणीला पोचवीत. पत्र त्यांनी कधी उघडलं नाही. मदरशात चार इयत्ता झालेल्या माणसाला मराठी अक्षरं बोट ठेवूनच वाचावी लागत, हे एक. आणि नवरा-बायकोत बोलणंच फार उरलं नव्हतं, हे दुसरं.

त्या पौषातलं पुस्तक उंबरीकरांचं होतं. पुण्याकडचे हे कादंबरीकार व्यंकटरावांचं दैवत. ह्या वेळची चिठ्ठी नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात होती. "चतुराताई, बाकीचं पुस्तक सावकाश वाचा, पण पान एकशे बारा आधी वाचा. मराठीत असं गद्य मी तरी पाहिलं नाही. दहाजणांना शिफारस केली, दहाही जण रडले."

दुपारची वेळ होती. अंगणात तुरी वाळत घातल्या होत्या. चतुराबाई उंबऱ्यावर बसली आणि तिनं पान काढलं. कादंबरीतली विधवा नायिका आपल्या रोजनिशीत लिहीत होती:

"बाळ आत निजलं होतं ते उठणार नव्हतं, हे मला हात लावताच कळलं. बाहेर पाहुणे जेवायचे होते. मी पीठ मळायला घेतलं. पहिली पोळी थापली आणि मला वाटलं, हळू थापावी, बाळ जागं होईल. अठरा पोळ्या मी हळू थापल्या. हात थांबला असता तर ते गेलं असतं."

तिनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. तुरीवर कोंबड्या आल्या, चोची मारू लागल्या, आणि ती नुसती बघत राहिली.

हे तिचं होतं. जवळजवळ शब्दन् शब्द तिचा होता.

दोन वर्षांपूर्वी व्यंकटरावांनी चिठ्ठीत विचारलं होतं, उंबरीकर मरण किती सुंदर लिहितात, नाही? तिनं उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, सुंदर आहे, पण त्यांनी घरातलं मरण पाहिलेलं दिसत नाही. आणि मग कसं, ते सांगायला म्हणून हात जो चालला तो थांबलाच नाही. तिची गोदी अडीच वर्षांची. तापानं फणफणलेली. खळ्यावर मळणीची माणसं जेवायची होती, किशनराव तिकडंच. घरात दुसरं कुणी नव्हतं. भाकरी नेण्यासाठी किशनराव आले तेव्हा टोपलीत अठरा भाकरी रचलेल्या होत्या आणि पोर गार झाली होती. "तू बाई हायेस का दगड?" एवढंच ते बोलले. गावच्या बायका तेच बोलल्या, फक्त पाठीमागं. चतुराबाईनं कुणालाच काही सांगितलं नाही. एकदाच लिहिलं, ते त्या पत्रात, कारण विषय भाषेचा होता.

"काय झालं? कोंबड्या तूर खायल्यात अन् तू बसलीस?"

किशनराव बैल बांधून आले होते. तिनं मान वर केली. त्यांनी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. चिठ्ठी वाचली, पान पाहिलं, आणि खाली बसून बोट ठेवून वाचू लागले. एकेक अक्षर जुळवीत, मोठ्यानं, ह्याच कामाला बसल्यासारखे. अठराव्या पोळीशी त्यांचा आवाज फाटला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"कसली बाई असंल ही," ते म्हणाले. "पोटात केवढं घिऊन बसली बिचारी. कुणी इचारलं बी नसंल तिला."

चतुराबाईला वाटलं, आपल्या कानशिलात कुणी वाजवली. हा माणूस रडत होता. पाच वर्षांत गोदीचं नाव न काढलेला माणूस पुण्याच्या कागदी बाईसाठी रडत होता.

"ती मीच हाय," ती म्हणाली.

"आं?"

"गोदी गेली त्या दिसाचं हाय ते. मी लिव्हलं व्हतं, व्यंकटदादाला. तुमीच नेलं. तुमच्याच कोटाच्या खिशातून गेलं."

किशनरावांनी पुस्तकाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं. त्यांचा हात आपसूक छातीवर, खिशाच्या जागी गेला. अंगात तेव्हा कोट नव्हता. ते उठले, दोन पावलं चालले आणि खांबाला धरून उभे राहिले.

"उद्या पॅसिंजरनं परभनीला जाऊ," पाठमोरेच ते म्हणाले. "तू बी चल."

वाचनालयात व्यंकटराव पुस्तकांना पुठ्ठे चढवीत होते. चतुराबाईला दारात पाहून त्यांचा चेहरा फुलला. "वाचलंत ना? मी म्हटलंच होतं!"

तिनं पुस्तक समोर ठेवलं. "दादा, पोळी कुणी थापतं का?"

"म्हणजे?"

"पोळी लाटतात. थापतात ती भाकर. मी भाकरी लिव्हल्या व्हत्या, त्यांनी पोळ्या केल्या. मळणीची माणसं लिव्हली, त्यांनी पाहुणे केले. थापणं तेवढं बदलायचं राह्यलं."

व्यंकटरावांनी पान उघडलं. वाक्यावर नजर ठेवून ते उभेच राहिले. खळ लागलेली बोटं पानाला चिकटली, ती सोडवायचंही त्यांना सुचेना.

"तुमचं पत्र," ते पुटपुटले. "उंबरीकरांना मीच धाडलं होतं. आमच्या मोगलाईतले वाचक कसं लिहितात ते त्यांना दिसावं म्हणून. अभिमानानं धाडलं हो!"

"वाचून धाडलं का?"

व्यंकटराव बोटं सोडवून त्यांवरची खळ पुसू लागले.

"वाचलं व्हतं का दादा?"

"पहिलं पान वाचलं," ते म्हणाले. "उंबरीकरांबद्दल होतं ते. पुढं... पुढं घरगुती मजकूर दिसला. मी घडी घातली." त्यांनी पुस्तक मिटलं. "आणि तोच मजकूर छापून आला तेव्हा मी दहाजणांना वाचायला लावला. पंतोजींच्या मुलीचा! भाषा कळते म्हणून मिरवणारा मी!"

किशनराव इतका वेळ दारापाशी उभे होते. ते पुढं आले. भांडतील, असं चतुराबाईला वाटलं. पण ते म्हणाले, "तुमी एक पान तरी वाचलं. म्या खिशात घातलं अन् बटन लावलं."

त्याच दिवशी व्यंकटरावांनी उंबरीकरांना पत्र लिहून जाब विचारला. दहाही वाचकांकडं जाऊन मजकूर कुणाचा ते सांगून यायचंही त्यांनी कबूल केलं.

परतीची गाडी उशिरा होती. परभणीच्या फलाटावर बाकावर दोघं बसली. किशनराव रुळांकडं बघत म्हणाले, "सांग."

"वाचलंय की तुमी."

"ते पुस्तकातलं. तू सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली आणि एकही वाक्य धड निघेना. ताप किती वाजता चढला ते आधी सांगितलं, मग तांब्या कुठं होता ते, मग पुन्हा तापाचं. कागदावर जे इतकं नीट उतरलं होतं ते तोंडात येईपर्यंत तुकडे तुकडे होत होतं. थापायचं आलं तिथं ती थांबली आणि नुसता तळवा हलवून दाखवला, हळू, मांडीवर. किशनराव त्या हाताकडं बघत होते. ह्या वेळी ते रडले नाहीत. त्यांनी तो हात धरला, फलाटावर, चार माणसांदेखत, आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. लाज वाटून तिनं पदर ओढून घेतला, पण हात काढला नाही.

अठरा दिवसांनी उंबरीकरांचं कार्ड आलं. व्यंकटरावांनी नजर चुकवीत ते किशनरावांच्या हाती दिलं. कार्डावर सुरेख, वळणदार अक्षर होतं. लेखकाला अनुभव कोठूनही येतो. पत्रातील कच्च्या मजकुराला कलेचे रूप मिळाले, याचा बाईंना आनंदच वाटेल. त्यांच्यापाशी असे आणखी काही असल्यास अवश्य धाडावे.

चतुराबाईनं कार्ड वाचलं. दुसरं काही चुकून लिहिलंय का म्हणून उलटून पत्त्याची बाजूही पाहिली. "आनखी मागायलेत," ती म्हणाली, आणि तिला हसू येतंय की काय होतंय ते तिचं तिलाच कळेना.

किशनरावांनी कोनाड्यातून तिची दौत-लेखणी आणि एक कोरं कार्ड काढलं. आजवर त्यांनी मराठीत कुणाला चार ओळी लिहिल्या नव्हत्या. सारा-फाळ्याचे अर्ज उर्दूत, आणि तेही दुसऱ्याकडून. पाटावर कार्ड ठेवून ते वाकून बसले. शाई सांडली, पुसली, पुन्हा बसले. चतुराबाई भिंतीला टेकून बघत होती. मदतीला तिनं हात पुढं केला नाही, आणि त्यांनीही मागितली नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी कार्ड तिच्यापुढं सरकवलं. वाकड्या, एकमेकांवर पडलेल्या अक्षरांत एकच ओळ होती.

"मी त्या पोरीचा बाप हाय."

"आनखी काय लिव्हू?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवून काही नको म्हटलं. मग तिनं लेखणी घेतली, मागच्या बाजूला उंबरीकरांचा पत्ता स्वच्छ लिहिला, आणि ते दोघं मिळून स्टेशनावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले.