या वेळी शपथ नको

"अहो, राहू द्या तो धागा," समुपदेशक बाई म्हणाल्या, पण तोवर काम झालं होतं. चिमटाताईंच्या बोटांत वीतभर दोरा होता आणि खुर्चीवरच्या गादीची शिवण उसवून आतला कापूस बाहेर डोकावत होता.

"अगं बाई!" ताईंचं तोंड एवढंसं झालं. "मी शिवून देते. आत्ता देते. हाताला सवय हो. कारखान्यात तेच काम, तयार शर्टांचे उरलेले धागे काढायचं. पण तिथे शिवणीच्या दोऱ्याला मी कधी हात लावत नाही, अगदी शप्पथ..."

शेवटच्या शब्दावर त्या अडखळल्या आणि कापूस बोटाने आत ढकलत बसल्या.

कारखान्यात शेवटचं टेबल त्यांचं. बाकीच्या बायका कात्री लावत, यांना ती लागत नसे. शर्ट हातात आला की बोटं कॉलरपासून कफापर्यंत फिरत आणि धागा आपणहून सापडल्यासारखा निघे. "तुझ्या बोटांना डोळे आहेत का गं?" असं म्हणत बायकांनीच त्यांना चिमटा हे नाव ठेवलं. नाव कौतुकाचंच होतं, पण ऐकलं की ताई बोटं मुठीत मिटून घेत. कारण तीच बोटं घरी आल्यावर डोक्यात शिरत. एखादा राठ, वाकडा केस शोधून काढत, ओढत. क्षणभर डोकं असं निवांत होई, की जणू गळका नळ कुणीतरी घट्ट बंद केला. मग मुठीतला केस दिसे आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटे. टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. कारखान्यात सगळ्याच बायका डोक्याला रुमाल बांधत, म्हणून तिथे निभावत होतं. घरी नवरा म्हणे, "बसली का कोंबडी सोलायला?" तो हसे, आणि त्याच्याबरोबर ताईही हसत. ते हसणंच त्यांना जास्त लागे.

कातडीच्या डॉक्टरांनी बरीच मलमं दिली. एक दिवस त्यांनी चष्मा काढून हळूच विचारलं, "गळतात, की तुम्ही काढता?" आणि इकडचा पत्ता दिला. ही तिसरी खेप. बाईंनी अजून एकदाही रुमाल सोडायला सांगितला नव्हता.

"आज काहीतरी वेगळं आहे," बाई म्हणाल्या.

"लेकीला दिवस गेलेत. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. जावई दिवसभर कामावर. ती म्हणते, आई, ये. मी म्हटलं, सुट्टी देत नाहीत." ताईंनी मान खाली घातली. "खोटं बोलले. सुट्टी कधीच मंजूर झालीय."

"डोकं दिसेल म्हणून?"

"ते तर आहेच." ताई पुन्हा गादीतला कापूस आत ढकलू लागल्या. "ती लहान होती तेव्हा तापाने फणफणली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली, पुन्हा केसाला हात लावणार नाही. ताप उतरला. आणि उतरला त्या आनंदात बसले होते, तर हात गेला की हो वर! पोटच्या पोरीची शपथ मोडली मी. आता तिच्या पोटात बाळ आहे. कुठल्या तोंडाने जाऊ मी तिच्याजवळ?"

असं काही नसतं हो, असं बाई म्हणतील आणि विषय संपेल, अशी ताईंची अटकळ होती. बाईंनी वेगळंच विचारलं.

"ताप होता तेव्हा हात तिच्या डोक्यावर किती वेळ होता?"

"किती म्हणजे? पार उजाडेपर्यंत. काढला की कण्हायची."

"तेवढ्या वेळात तो तुमच्या डोक्याकडे गेला?"

"नाही."

"शपथेला घाबरून, की तिला हवा होता म्हणून?"

हा हात इतकी वर्षं ताईंच्या लेखी गुन्हेगारच होता. त्याच्याविषयी कुणी असं बरं बोलू शकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"लेकीकडे जा," बाई म्हणाल्या. "आणि या वेळी शपथ नको. हात वर गेला तर त्याच्यावर डाफरू नका. दमलाय का, घाबरलाय का, ते बघा. एखादा केस गेला तर गेला."

"म्हणजे मुभाच दिली की!"

"मुभा नाही हो. इतकी वर्षं रागावून पाहिलंत ना स्वतःला? रागावलात की हात कुठे जातो?"

ताईंनी पाहिलं. बोटं रुमालाच्या कडेखाली शिरली होती.

धरलेला नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. हा एकच तेवढा पुन्हा पुन्हा मोडला होता. नेमाशिवाय निघायचं म्हणजे अनवाणी घराबाहेर पडल्यासारखं वाटत होतं. तरी त्या निघाल्या.

"आलीस? कारखाना बंद पडला की काय?" लेकीने पलंगावरूनच टोमणा मारला.

"सुट्टी मिळाली."

"मिळाली, की आज मागितलीस?"

ताई पिशवीतले कपडे काढत राहिल्या. जेवणं झाली, आणि दुपारी त्या लेकीशेजारी आडव्या झाल्या, रुमालाची गाठ पक्की आवळून.

"आई, सोड ना तो रुमाल. घामाने निथळतेयस."

"असू दे गं."

"सोड म्हणते ना!"

ताईंनी डोळे मिटून गाठ सोडली. पंख्याचा वारा टाळूला लागला. त्या वाट पाहत राहिल्या.

"पूर्वीपेक्षा बरं आहे," लेक म्हणाली.

"पूर्वी? तू कधी पाहिलंस?"

"उशी कोण झाडायचं मग? तू सकाळी चहा टाकायला गेलीस की मी झाडायचे, खिडकीतून. बाबांच्या नजरेला पडले असते केस, तर दिवसभर तेच चाललं असतं त्यांचं. एकदा अभ्र्यावर रक्ताचा ठिपका होता, तो धुतला मी. तर ओला अभ्रा पाहून तू मलाच झापलंस, अंथरुणात पाणी सांडलं म्हणून."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"काय सांगणार होते?" लेक हसली. ताईंना हसू येईना. त्या पोरीपासून लपवत होत्या, आणि ती एवढीशी पोर त्यांनाच लपवत होती. शाळेचा गणवेश घालून खिडकीशी चवड्यांवर उभी राहिलेली लेक त्यांना दिसली. मान वर करवेना.

"मी तुझी शपथ मोडली होती," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुला ताप होता तेव्हा."

"म्हणून येत नव्हतीस?" लेकीने पोटावरून हात फिरवला. "मोडलीस, तर मला काय झालं? फुगून ढोल झालेय नुसती."

दोघींचा डोळा लागला. ताई जाग्या झाल्या तेव्हा उशीवर पाचसहा केस होते. झोपेत गेलेच होते. लेक आधीच उठली होती. एका हाताने पोट सावरत, वाकून, दुसऱ्या हाताने ती अलगद उशी ओढत होती. आवाज न करता, सवयीने.

ताईंनी तिचं मनगट धरलं.

"आण इकडे. तू पड जरा. माझं मी झाडते."

उशी घेऊन त्या खिडकीशी गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने या बाजूला पाहिलं आणि पाहतच राहिली. ताईंचा एक हात डोक्याकडे जाऊ पाहत होता, पण दोन्ही हातांत उशी होती. उघड्या डोक्याने त्यांनी ती नीट, चारही बाजूंनी झाडली.