मंगळवारची बुटकी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर पाढे कधी कुणी लिहिले नाहीत. घानाच्या किनाऱ्यावर नवी होडी बांधून उरलेल्या लाकडातून मी झालो. सुताराने काळा रंग फासून मला दवाखान्याच्या भिंतीवर टांगलं. सख्खी भावंडं लाटांवर गेली आणि मी खिळ्याला, म्हणून आधी वाईट वाटायचं. मग मानसा सिस्टर आल्या.

दोन बाळांत अंतर ठेवायचं इंजेक्शन किती बायांनी घेतलं, ते त्या दर महिन्याला माझ्यावर खडूची उभी पट्टी काढून दाखवत. पट्टी उंच झाली की बाया कौतुकाने बघत, आणि मलाही जरा ताठ झाल्यासारखं वाटे.

एके वर्षी वरच्या कचेरीतले आन्सा साहेब आले. माणूस चांगला, पण किनाऱ्यापासून लांबचा. म्हणाले, "मंगळवारी इथे समुद्राला विश्रांती असते. होड्या निघत नाहीत म्हणजे बाया मोकळ्या. औषधांची पेटी मंगळवारीच पाठवतो."

मग महिन्यागणिक माझ्यावरच्या पट्ट्या बुटक्या होत गेल्या. साहेब पुन्हा आले. "सिस्टर, या गावाला गरज दिसत नाही. पेटी पलीकडच्या गावाला देऊ."

पलीकडचं गाव म्हणजे अर्ध्या दिवसाची पायपीट. मानसा सिस्टरनी फक्त एक महिना मागून घेतला. त्या महिन्यात त्यांनी लाल खडूने वेगळी पट्टी काढली. इतर वारी येऊन इंजेक्शन मागणाऱ्या आणि हात हलवत परत जाणाऱ्या बायांची. ती पट्टी माझ्या वरच्या कडेला टेकली.

महिना संपल्यावर साहेब आले आणि ती लाल पट्टी खालून वर निरखू लागले. बाकावर धुरावर मासे सुकवून विकणारी आराबा बसली होती. त्यांनी तिलाच विचारलं, "आराबाताई, मंगळवारी का येत नाही मग?"

"मंगळवारी समस्त पुरुष या दारासमोर जाळी दुरुस्त करत बसतात, साहेब. मी आत शिरले की सासूला बातमी. तिला अजून नातवंडं हवीत."

"आणि नवऱ्याला?"

"तोच आधी म्हणाला, पुरे आता. पण आईपुढे त्याचा मासा होतो. तोंड उघडतं, आवाज नाही."

"मग दिवस कुठला ठेवू?"

"गुरुवार ठेवा. सगळे पाण्यात असतात. आणि साहेब, पुढच्या वेळी दिवस ठरवायच्या आधी विचारा हो, आम्हाला बोलता येतं."

साहेब पोट धरून हसले. पेटी गुरुवारी यायला लागली. ओसरीवर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेल्या मासळीचे डबे उघडले, गप्पांना ऊत आला. त्या महिन्याची पट्टी मावेना, तेव्हा सिस्टरनी खडू तसाच वर भिंतीवर नेला. रंगारी कुरकुरतो, पण ती रेघ कुणी पुसू देत नाही.

मित्रांनो, आता माझे कोपरे झिजलेत. मला रोज कोरड्या फडक्याने पुसा, एवढं करा. आणि एखादी पट्टी बुटकी दिसली, तर गावाला नावं ठेवू नका. तिथल्या माणसांना जवळ बसवून कारण विचारा. मी फक्त उंची दाखवतो. कारण त्यांच्याकडे असतं.