माहेरचे शिंपले

त्या थंडीत सकाळी शेततळ्याकडून एक बारीक आवाज येई. टक्. वैनी पाण्यातून जाळीची पिशवी वर ओढीत आणि तोंड उघडं दिसेल त्या शिंपल्याला नखानं टिचकी मारीत. जिवंत शिंपला मिटे, आणि त्या आवाजासरशी वैनींच्या भुवया किंचित सैल होत. तिरप्या उन्हात त्यांच्या ओल्या हातावरचे कोयत्याचे जुने व्रण शिंपल्याच्या आतल्या अस्तरासारखे चमकत.

मोत्यांसाठी तळ्यात पाळलेल्या या शिंपल्यांच्या भरवशावर राणीसावरगावच्या आमच्या घरातून त्या वर्षी कुणी ऊस तोडायला गेलं नव्हतं. मोती पिकले तर कोयता कायमचा आढ्याला, एवढंच वैनींचं म्हणणं.

त्यांचं माहेर गंगेकाठचं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. संक्रांतीला त्यांनी नदीची ओटी भरली, आणि माहेराहून रिकाम्या पदरानं निघायचं नाही म्हणून नदीतलेच ओंजळभर शिंपले बांधून आणले. नवे शिंपले, सोबत कीड आली नाही ना हे पाहायला, आधी वेगळ्या टाकीत ठेवायचे असतात. वैनींनी ते थेट तळ्यात सोडले. माहेरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर कोण बसवतं?

उन्हाळ्यासोबत टक् विरळ होत गेलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, प्राणिशास्त्राची, आणि हे मी मान वर करूनच सांगते. मरणाला टेकलेला एक शिंपला मी कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कल्ल्यांत कृमींच्या अळ्या वळवळत होत्या.

"ह्याच किड्यानं मारलं का ओ, वन्सं?"

"एकट्या किड्यानं न्हाई, वैनी. शिंपल्याच्या रक्तातल्या राखणदार पेशी त्याच्याशी झुंजण्यात थकतात. मग पाण्यातले जे जिवाणू त्या एरवी गिळून टाकतात, तेच आत शिरून जीव घेतात."

"म्हंजे पाव्हण्याच्या नादात दार उघडं राहिलं. आन् पाव्हणा माझ्याच माहेरचा! आता तुमच्या भावाला वरीसभर बोलायला सापडलं."

त्या हसल्या. दुसऱ्या पिशवीला हात घालताना मात्र हसू नव्हतं.

दसरा सरला, ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर आला. आढ्याचा कोयता वैनींनी स्वतःच काढला, आणि दादामागोमाग ट्रॉलीत चढताना तळ्याकडं पाहिलं नाही.

वाचलेल्या शिंपल्यांना आता मी टिचकी मारते. काही मिटतात; पण ते ऐकून सैल होणाऱ्या भुवया दूर कुठल्याशा उसाच्या फडात आहेत. दूर गेलेल्या माणसाभोवती दिवस असेच थरावर थर चढवीत राहतात; आत मोती धरला की नुसता खडा, हे उघडल्यावाचून कळत नाही, आणि असा चिरून उघडलेला शिंपला पुन्हा मिटत नाही.