तार क्रमांक एकशे बेचाळीस

क्रुम पेयोवने तार साहेबांच्या टेबलावर ठेवली नाही, आपटली. दौतीतली शाई हिंदकळली.

"तीन जुलैला आली ही. मीच उलगडली, मीच मंत्र्यांच्या हातात दिली. हिच्यावर सहा तारीख कशी घालू?"

"पेनाने," तान्चेव साहेब म्हणाले.

युद्ध हरून तह झाला होता. आता संसदेपुढे ठेवायला पत्रव्यवहाराचं पुस्तक छापायचं होतं आणि त्यात सरकार धुतल्या तांदळासारखं दिसायला हवं होतं. बोलणी करायला शत्रूच्या राजधानीत बसलेल्या आपल्या वकिलाने सांकेतिक आकड्यांत कळवलं होतं: 'उद्या दुपारपर्यंत होकार आला तर पुलावरचा गोळीबार थांबवायला हे तयार आहेत.' मंत्री तेव्हा द्राक्षमळ्यातल्या बंगल्यावर होते; क्रुमने तार तिथेच नेऊन दिली. तार तीन दिवस त्यांच्या कोटाच्या खिशात राहिली. पाच तारखेला पुलावर क्रुमचा भाचा मिन्चो मेला. एकोणीस वर्षांचा होता.

"गाळूनच टाका मग."

"कशी गाळू? प्रस्ताव तीन तारखेलाच दिला म्हणून शत्रूचे लोक गावभर सांगतायत. आपण म्हणायचं, दिला असेल, पण वकिलाने कळवलं सहाला. तो काय उठून भांडायला येतोय? मेला बिचारा टायफॉइडने." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि शब्द फिरवून लिही. नेहमीसारखं. आपल्या तारा त्यांच्याच तारघरातून येतात. आकड्यांची नक्कल त्यांच्याकडे पडलीये, तारखेच्या शिक्क्यासकट. वाचता येत नाही एवढंच. जसेच्या तसे शब्द छापले, की लावतील आकड्यांशी जुळवून, आणि खरी तारीख येईल बाहेर."

वीस वर्षं क्रुम हेच करत आला होता. छापायला जाणाऱ्या प्रत्येक तारेचा अर्थ तोच ठेवायचा आणि एकही वाक्य मूळचं ठेवायचं नाही. त्याच्याइतकं सफाईने ते कुणाला जमत नसे, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. आज मात्र त्या अभिमानाची त्याला किळस आली.

दार वाजलं. डोन्का, त्याची धाकटी बहीण, मिन्चोची आई, काळा रुमाल बांधून उभी होती. हातात उकडलेल्या गव्हाचं भांडं, वर पिठीसाखर. आज मिन्चोचा चाळिसावा दिवस होता; गेलेल्याच्या नावाने हे गहू वाटायचे असतात.

"तुमच्या कचेरीतल्या लोकांना वाट, दादा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "एवढंच सांग. थांबवता आलं असतं का रे?"

"घरी आल्यावर बोलू."

"चाळीस दिवस हेच ऐकतेय मी. तोंड शिवलंय का तुझं?"

ती निघून गेली. शिवलंच होतं. नोकरीला लागताना क्रॉसवर हात ठेवून त्याने गुप्ततेची शपथ घेतली होती.

साहेबांनी चमचाभर गहू तोंडात टाकला. "देव त्याला क्षमा करो," ते रीतीप्रमाणे म्हणाले. कोण गेलं, ते विचारलं नाही. दुसरा चमचा घेतला. "गोड झालेत हं. चल, आटप. छापखान्याचा माणूस खाली थांबलाय."

क्रुमची कानशिलं तापली. भांडं त्या टकलावर उपडं करावंसं त्याला वाटलं. त्याने ते नुसतं उचलून आपल्या टेबलावर आणलं आणि कोरा कागद पुढे ओढला. लिहिताना एरवी तो थांबून शब्द शोधत असे. आज पेन कुठेच अडलं नाही.

साहेबांनी कागदाचा वरचा कोपरा पाहिला. "सहा. शाब्बास. शब्द?"

"एकेक शब्द तपासलाय, साहेब."

साहेबांनी न वाचताच सही केली. कागद खाली गेला. सहा तारखेखाली क्रुमच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'उद्या दुपारपर्यंत होकार आला तर पुलावरचा गोळीबार थांबवायला हे तयार आहेत.'