व्याह्यांसमोर पाठ

मामांच्या हृदयाच्या नसांचे फोटो काढायचे होते. त्यासाठी रंगाचं औषध टोचणार होते आणि मामांच्या किडन्या आधीच कुरकुरत होत्या. डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या गोळ्या बंद करून बजावलं, "भरपूर पाणी प्या. अंगात पाणी कमी असताना हे औषध गेलं, तर किडन्या बसतील."

मामीने धसकाच घेतला. मामा मात्र बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करत होते.

समोरच्या खाटेवर व्याहीबुवा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचे सासरे. मामांनी तपासणीची तारीख घेतली हे कळताच मागे राहायला नको म्हणून त्यांनीही तीच घेतली होती.

"एवढं पाणी पिऊन एकदाही बाथरूमला गेला नाहीत?" सिस्टरने विचारलं.

मामा छताकडे बघू लागले. तेवढ्यात खिडकीतली कुंडी ओसंडली, ओघळ निघाला तो थेट व्याहीबुवांच्या चपलेपर्यंत. बाटल्या कुठे गेल्या ते सगळ्या वॉर्डाला कळलं.

"अगं, हा हॉस्पिटलचा झगा मागून सताड उघडा आहे!" मामा मामीवर खेकसले. "लेकीच्या सासऱ्यांसमोर असा चालत जाऊ?"

हसावं की त्यांच्या डोक्यात बाटली घालावी, मला कळेना. मामीला मात्र रडूच कोसळलं.

"अहो, लाज गेली तर उद्या परत येईल. तुम्ही गेलात तर मी कुणावर ओरडू?"

मग व्याहीबुवा खाकरले.

"विहीणबाई, रडू नका. माझंही पाणी सकाळपासून खिडकीबाहेरच जातंय."

खालचा वॉचमन कडक उन्हात छत्री घेऊन का फिरतोय, ते तेव्हा उमगलं.

सिस्टरने दोघांना सारखंच झापलं आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलली. मग दोघे खरोखर पाणी प्यायले. जायची वेळ आली की पाठीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे बाथरूमपर्यंत सरकत जायचे. वाटेत "तुम्ही आधी", "छे, तुम्ही आधी" चालायचंच.

तपासणी झाली. दोन दिवसांनी रिपोर्ट आले, दोघांच्याही किडन्या सहीसलामत. मामीने सिस्टरला मिठीच मारली.

घरी जायला मामांनी शर्ट-पँट चढवली. निघताना म्हणाले, "व्याही, एकदा बाथरूमला जाऊन येऊ या?"

पँटचा पट्टा आवळत व्याहीबुवा उठले आणि सवयीने मामांच्या पाठीला पाठ लावून उभे राहिले. मामाही बाजूला झाले नाहीत.